कायतानची बाटली

युरिया भाजून केलेली पिवळी भुकटी,
तिच्यात टिटॅनियाची पांढरी.
दोघींचं लग्न भट्टीत लागलं, साडेचारशे अंशांवर,
साक्षीला कणभर प्लॅटिनम
ज्याचं बिल अजून मंजूर व्हायचंय.

कायतान मानशीवरून पाणी घेऊन आला.
बापानंतर तोच उघडतो, तोच मिटतो.
"तिसऱ्यो सोंपल्यो, बाय. उदकाक निळो रंग आयला."

ताळगावच्या पठारावर, प्रयोगशाळेच्या गच्चीत
पाण्यात भुकटी ढवळली, घट्ट बूच लावलं,
उन्हात ठेवलं.
एक तास. दोन. जेवण राहिलं.
निळं ते निळंच.

पण काचेला बुडबुडे धरलेले,
मोहरीहून बारीक.
सुईनं ओढून यंत्राला दिले:
हायड्रोजन. तीन वर्षांत निघाला नव्हता इतका.

का, ते कळेना.
मग बूच काढलं
आणि गच्चीभर उर्राकीचा वास.

बाटली तशीच भरून आणलेली!
रंग जाळायला निघालेली उन्हाची धार
उर्राकीनंच वाटेत गाठली,
आणि उरलेल्या अर्ध्या उन्हानं
पाण्यातून जळण सोडवलं.

कायतानला सांगितलं. हसला नाही.
म्हणजे दारू घातली तर इंधन,
न घातली तर पाणी?
साधारण तसंच, म्हटलं.
एकाच भुकटीचे दोन हात,
एका वेळी एकच काम नीट.

"माका उदक जाय," तो म्हणाला,
आणि बाटली नळाखाली धरून
तीनदा विसळली.

चौथ्यांदा मी.