काना

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही उभ्या राहतो
सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून,
साडेदहा ते साडेअकरा.
घोषणा नाही, माइक नाही.
पहिल्या वर्षी अकरा जणी होतो,
मध्ये चारवर आलो,
आता सात. पावसात पाच.

पाट्या मी लिहिते.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, भिंतींना लावून उरलेला निळा,
आणि काठ्या तासून देतात आमचे हे,
तोफखान्यातले निवृत्त हवालदार,
देवळालीच्या रेंजवर बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या मुलांना नेम शिकवून
डावा कान तिथेच ठेवून आलेले.
'शांतता' लिहून झालं की मी विचारते,
लांबून अनुस्वार दिसतो का?
ते उजवा कान पुढे करतात : काय?

विहितगावात अजूनही, सराव सुरू झाला
की आधी फडताळातली ताटं बोलतात,
मग काचा.
ह्यांना ऐकू येत नाही. पायाला कळतं, म्हणतात.

रेहाना कोकणी चौक मंडईतून येते,
गळ्यातल्या पिशवीत बीपीच्या गोळ्या, थोडे खजूर
आणि त्या रात्रीची यादी :
दगड कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत गेले,
कोणाची हातगाडी, कोणाचं शिलाई मशीन.
दोन्हीकडची नावं एकाच शाईत.
थेल्मा साळवी शरणपूरहून चालत.
मथुरा गांगुर्डेची भाजी तेवढा तास शेजारीण विकते;
हिशोबात कधी चूक नाही,
तरी मथुरा मोजते.

लोक विचारतात.
कोणत्या पक्षाच्या?
तासाचे किती देतात?
एकाने विचारलं, पंचवटीची बस इथूनच का?
थेल्माने पाटी खाली न करता
मानेनेच थांबा दाखवला.
काळ्या कोटातला एक जण वर्षभर नाकासमोर जायचा,
तो उन्हाळ्यात थबकला :
तुमची केस कुठली, बाई?
मथुरा म्हणाली, आत आहेत त्या सगळ्या.

सोनल आहिरे आली ती श्रावणात.
अंबडची कंपनी, पत्र्याचं प्रेस, रात्रपाळी,
उजव्या हाताची चार बोटं.
मालक म्हणतो, हजेरीत नावच नाही.
पाच तारखा झाल्या.
एकदा साहेब रजेवर, एकदा कागद सापडेना,
एकदा तिला पुकारलंच नाही,
म्हणजे पुकारलं, पण सोनाली म्हणून.
ती बाकावर बसून राहिली
दिवे बंद होईपर्यंत.

गेल्या खेपेला म्हणाली, माझी पाटी मी लिहिणार.
आमच्या ओट्यावर बसली, डाव्या हातात ब्रश,
जीभ दातांत.
एका शब्दाला अर्धा तास.
अक्षरं उतारावरून निघालेली,
आणि काना राहिला.
न्यय.

माझा हात शिवशिवला. एकतीस वर्षं शाळेत
लाल शाईने पोरांचे काने भरलेत मी.
म्हटलं, सोनल, काना राहिला गं.
तिने मान वाकडी करून पाहिलं,
ब्रश पाण्यात बुडवला.
राहू द्या बाई. मिळाल्यावर देऊ.

हे खिळा ठोकत होते.
काय म्हणाली?
मी उजव्या कानात सांगितलं, मोठ्याने,
सोनलसमोरच.
हे हसले नाहीत.
हातातली काठी बाजूला ठेवून
आतून दुसरी आणली, जाड.

गुरुवारी ती पाटी मधोमध.
गणवेशातला एक मुलगा थांबला, ओठ हलवत वाचलं,
म्हणाला, चुकलंय.
रेहाना म्हणाली, हो.
आणि त्याला एक खजूर दिला.

पुढची तारीख चौदा.

घरी येऊन पाट्या पलंगाखाली सरकवल्या,
मथुराने दिलेली मेथी निवडली, झोपलो.
सकाळी ताटं बोलली, मग काचा,
मग पलंगाखाली
जाड काठी फरशीवर टकटक, टकटक.
ह्यांनी पाय खाली टेकवला,
थोडा वेळ तसाच ठेवला.
आज तोफ नाही, म्हणाले,
दुसरंच काहीतरी आहे.