निषादाच्या जागी

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या मी. शाई फुटलेली,
नंबर सरकलेला, कड तिरकी गेलेली,
बोटं आपोआप बाजूला काढायची.
रिटायर झालो आणि तीच बोटं
दर शनिवारी शरणपूरला नेऊ लागलो,
एलियाझर सरांकडे, कीबोर्ड शिकायला.

सर म्हणाले, पांढरी एक तुमचा सा.
आता पंचमावर उभे राहा.
प, नी, रे, म. डॉमिनंट सेव्हन्थ.
वाजवलं. जिना चढून आलेल्या कुणीतरी
कडीला हात घातल्यासारखं झालं.
आता नी उचला, तिथे सा ठेवा.
शेजारचीच पट्टी. मध्ये काळीसुद्धा नाही.

प, सा, रे, म.

बोटं लगेच म्हणाली, रिजेक्ट.
ना हसरं ना रडकं,
मधलं काहीतरी छापायचं राहून गेलंय.
सर चष्मा पुसत होते. याला सस म्हणतात, म्हणाले,
सस्पेंडेड.
प्रेसमध्ये त्या शब्दाचा एकच अर्थ होता:
चौकशी होईपर्यंत अर्धा पगार.
सर खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, तेच की हो.
हा सा आपल्याच घरचा, पण लवकर आलाय,
दार अजून उघडलेलं नाही.
त्याला अर्धी पायरी उतरू द्या, नीवर,
मग पुन्हा वर. तेव्हा सगळे म्हणतील, आला.
आणि नाही उतरला तर?
कधी कधी नाही उतरत. तसाच शिरतो घरात.
चालतं तेही.

द्वारकेला रिक्षा पाऊण तास अडकली.
मी गुडघ्यावर चार बोटं दाबून बसलो होतो.

घरी शाल्मलीची बॅग
दिवाळीपासून कपाटाला टेकून उभी आहे.
मुठीला अजून ट्रॅव्हल्सवाल्याची चिठ्ठी.
टॉवेल लागला की ती चेन तेवढीच उघडते,
पुन्हा लावते.
द्राक्षं आली, संपली. तिची आई विचारायची थांबली.
मी कधी विचारलंच नव्हतं.

रात्री हेडफोन न लावता वाजवलं:
प, सा, रे, म. धरून ठेवलं.
या खेपेला बोटं काही बोलली नाहीत.
तर्जनी नीकडे सरकवणार
तेवढ्यात लाइट गेली.

फ्रिज थांबला. पंखा मंदावत, मंदावत.
आतल्या खोलीतून शाल्मली म्हणाली,
बाबा, पुढचं?

लाइट येऊ दे, म्हटलं.

बरं, म्हणाली.
मग अंधारात तिची पावलं
दारापर्यंत आल्याची ऐकू आली,
आणि उंबऱ्याशीच राहिली.