होळीच्या आत

गेनबा म्हणाला, "होळीच्या आत उरका.
एकदा पांढरं फुललं, की गाजरगवत
कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

म्हणून पाषाणच्या या चार हात हिरवळीवर
पाट टाकून बसलोय, गुडघे कुरकुरत.
माती अजून गार. मुळं अलगद सुटतात.
लव्हाळा मात्र वरून तुटतो,
गाठ खालीच ठेवतो,
मुदतठेव जशी.

गेल्या वर्षी "रविवारी बघू" म्हणत
शिमगा गेला, पाडवा गेला,
आणि प्रमिलाच्या शिंका
थेट वैशाखापर्यंत.

यंदा वेळेत आहे.
कुंपणाशी आंबुशीचा एक पुंजका तेवढा राखलाय:
शेजारची ऋजुता शाळेतून येताना
पानं चघळते, एक डोळा गच्च मिटते.

गेनबाला बोलू नका.