शुद्धिपत्र

पुस्तक परत आलं. पाकिटावर जेल रोडचा पत्ता,
चिठ्ठी नाही.

हेमांगी नोट प्रेसमध्ये आहे, तपासणीत.
तिथे वाया गेलेल्या कागदाचाही हिशेब लागतो,
चुकलेला ताव मोजल्याशिवाय पाळी सुटत नाही.
माझी कादंबरी तिने तशी वाचली आहे,
शिसपेन्सिलीने, समासात, बारीक अक्षरात.

पान नऊ: माझं नाव वारुणी? दारूला म्हणतात ते.
पान एकतीस: शरणपूर रोडची एस्तेर घरी आली
तेव्हा मी माहेरी नव्हते. आत होते.
चहा मीच दिला तिला. दोनदा.
पान सत्तर: अडीच हजार तू परत केले नाहीस.
नायक करतो.

मग पूर.
अकरा पानं लिहिला होता मी तो,
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी,
सराफ बाजारात शटरं बुडालेली,
आणि होळकर पुलावर ती, केस सुटलेले,
मागे वळून न बघणारी.

तिथे तिने आडवी रेघ मारली आहे.
मार्च होता. मंगळवार. नदीत शेवाळ.
रिक्षावाला मीटरने येईना, मी घासाघीस करत होते,
तू गॅलरीतून वरूनच म्हणालास,
दीडशे ठीक आहेत.

म्हणालो होतो.
एवढं एक वाक्य बुडवायला
मला गोदावरी लागली.

एस्तेरला तर मी न्यूमोनियाने मारलं, प्रकरण अठरा.
परवा कॅनडा कॉर्नरला दिसली.
लिंबं निवडत होती, एकेक दाबून.
मी मोबाइल कानाला लावून
कुणाशी तरी बोलत राहिलो.

पान दोनशे चारवर मात्र मी काहीच रचलं नव्हतं.
पांडवलेणीच्या पायऱ्या, टळटळीत दुपार,
सेफ्टीपिनने तिने माझ्या टाचेतला काटा काढला,
टाच मांडीवर घेऊन,
आणि काटा निघाल्यावरही
बराच वेळ सोडली नाही.

समासात तिचं अक्षर:
हे झालेलं नाही. छान लिहिलंयस पण.

प्रकाशकाचा फोन होता, दुसऱ्या आवृत्तीत काही बदल?
दोनशे चार काढून टाका, म्हणालो.
मग बूट काढून, मोजा काढून
उजेडात टाच बघत बसलो.
डावी होती की उजवी,
तेही लिहिलेलं नाही कुठे.