वरची बाजू

जुलै. लुइझियानाच्या दलदलीवर डास आणि वाफ.
ओलिटा डार्डार काठीनं गवताचा ढीग दाबून बघते,
मग वाकते, दोन्ही हातांनी उकरते,
राखेतून रताळं काढावं तसं.
आतून ऊब येते, कुजत्या गवताची,
बाळंतिणीच्या खोलीत येते तशी.

अडतीस अंडी.
मधोमध दुधी पट्टा, म्हणजे आत कोणी आहे.
ती खिशातून काळा मार्कर काढते,
एकेकाच्या माथ्यावर रेघ ओढते.
ही वरची बाजू.
आता टोपलीत न्या, होडीत न्या, शेडमधल्या उबेत न्या,
रेघ आभाळाकडेच राहिली पाहिजे.
उलटं झालं की आतला जीव
आपल्याच बलकाखाली दबून मरतो.

"पोरगे की पोरी?" जेरिको विचारतो. त्याचा पहिलाच हंगाम.
"अजून ठरलं नाही.
ढीग थंड राहिला तर पोरी, थोडा तापला की पोरगे.
दोन-तीन अंशांचा खेळ. गवत ठरवतं."

आई दहा फुटांवर.
जबडा उघडा, फूत्कार,
ट्रकच्या चाकातून हवा सुटावी तसा.
जेरिकोनं तिच्या नाकासमोर काठी धरलीय, काठी थरथरतेय.
"मारू नकोस. नुसती दाखव.
ती काही चुकीचं बोलत नाहीये."

एप्रिलात इथंच नर घुमला होता.
डोकं वर, शेपूट वर,
आणि आवाज यायच्या आधीच
पाठीवरचं पाणी नाचायला लागलं,
तव्यावर थेंब नाचतात तसं.
ओलिटाला ते कानात नाही, दाढेत कळलं,
होडीच्या फळीतून वर चढत आलेलं.
त्याचे ऐंशी दात. एक पडला की मागून दुसरा.
"माझे सोळा उरलेत," ती म्हणाली, "आणि मी घुमतही नाही."

मेलेल्या सायप्रसच्या मागचा एक ढीग
ती दर वर्षी सोडून देते. वहीत त्याची नोंद नसते.
ऑगस्ट सरता सरता तिथं मातीच्या आतून चिवचिव येते.
आई ढीग फोडते.
न फुटलेलं अंडं जिभेवर घेऊन टाळूशी दाबते,
हलकेच, टरफल तडकेपर्यंत.
मगरमिठी हा शब्द ज्यानं घडवला
त्यानं हे तोंड इतक्या हळू मिटताना पाहिलं नसावं.
दातांच्या कुंपणातून पिवळ्या पट्ट्यांची पिलं बाहेर बघतात.
मग पाणी. मग बगळा, रॅकून, मोठा मासा,
कधी तोच घुमणारा बाप.
पुढच्या उन्हाळ्यात ओलिटा मोजते: सात.
एकदा दोन.

तिचं गाव आता खाऱ्या पाण्याखाली आहे,
दफनभूमी आणि संत्र्याच्या एका झाडासकट.
चाळीस मैल वर नवी घरं मिळाली, पांढरी, एकसारखी.
सामान हलवणाऱ्यांनी खोक्यांवर नीट लिहिलं होतं:
स्वैपाकघर. कपडे. काच, सांभाळून.
ओलिटाच्या आईला मागच्या सीटवर बसवलं, मांडीवर कोंबडी.
नव्या खिडकीशी ती रोज विचारायची,
पाणी कुठल्या बाजूला?
कोणी उत्तरेला बोट दाखवायचं, कोणी नळाकडे.
फेब्रुवारीत गेली.
ओलिटा त्याबद्दल एकदाच बोलली, डिझेल भरताना:
"तिच्यावर कोणी रेघ ओढली नव्हती."

शेडमधले काही चार फुटांचे झाले की
इथंच परत आणून सोडायचे, असा कायदा.
शेपटीचा एक खवला कापलेला, खूण म्हणून.
होडीच्या काठावर ते क्षणभर थांबतात.
ज्यांनी कधी दलदल पाहिली नाही, ते
बरोबर पाण्याकडेच तोंड करतात.
हे ओलिटाला अजून समजत नाही.

एकतीस. बत्तीस. रेघ फिकी उमटते.
"जेरिको, हा सुकला. दुसरा दे.
आणि काठी खाली घेऊ नकोस."