उंबऱ्याबाहेरचा खिळा

आमच्या क्रीडा गौरव दालनाचा इतिहास
पत्र्याच्या पेटीपासून सुरू होतो.
पेटी निंगाप्पा घाडी मास्तरांची. खानापुरात, खाटेखाली.
आत चार फोटो, फेट्याचा एक तुकडा,
आणि वखारीतल्या काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या.
पैलवान तिथंच तोलले जायचे,
भाताची पोती संपल्यावर.

मग तालमीची भिंत मिळाली.
तेल, ताक, हळद यांचा वास
काचेमागं शिरून बसला तो बसलाच.
मलप्रभा चढली की भिंतही चढायची ओलीनं.
एका साली कृष्णोजी निट्टूरकराच्या मिशीवर बुरशी आली.
पोरं म्हणाली, फोटो म्हातारा झाला बघ.

मी पेंटर. तेव्हा अठराचा.
दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी,
आणि यात्रा झाली की या भिंतीवर एखादं नवं नाव.
साध्या अक्षराचे आठ आणे, जोडाक्षराचे बारा.
बाबू पवार स्वस्तात झाला.
निट्टूरकर समितीला महाग पडले.

पहिली बाई यायला एकोणीस वर्षं गेली.
शेवंता हलगेकर, खो-खो.
तिचा एकटीचा फोटो कुणाकडंच नव्हता,
लग्नातला कापून लावला.
कडेला नवऱ्याचा खांदा राहिला, कोटासकट.
तालमीत बाई चालत नाही,
म्हणून तिचा खिळा उंबऱ्याबाहेर, चपलांच्या वर.
ती तिथूनच कौलांच्या कारखान्यावर जायची.
मान वळवलेली मी तरी पाहिली नाही.

पुढं सोसायटीचा वरचा मजला, ट्यूबलाइट, फरशी.
आणि प्रश्न: पाटीवर वर कुठली भाषा, खाली कुठली?
कुस्तीतलं वर-खाली गावाला कळत होतं.
हे कळेना.
अर्ज गेले, उत्तरं आली, उत्तरांना अर्ज गेले.
शेवटी ठरलं ते इतकंच,
की ठरेपर्यंत नावंच नकोत.
मीच लिहिलेली अक्षरं मीच पत्रीनं खरवडली.
त्याचे पैसे सरसकट मिळाले.

अकरा महिने बिननावाची माणसं भिंतीवर.
त्या अकरा महिन्यांत जेवढी गर्दी झाली
तेवढी आधी नाही, नंतर नाही.
लोक यायचे, कानावरनं ओळखायचे:
ह्यो फुटका कान तोलगीचा.
गुडघ्यावरनं, करदोड्यावरनं, उभं राहण्यावरनं.
बिडीचा एक म्हातारा कानडीत सांगत होता,
हा माझ्याशी लढला, दोन तास, बरोबरीत सुटली.
आमचा मष्णू गुरव मराठीत म्हणाला,
बरोबरीत न्हवं, तू खाली हुतास!
हौदु, हौदु, असं म्हणत म्हातारा उठला,
आणि दोघं फरशीवरच एकमेकांचं मनगट धरून
ती कुस्ती पुन्हा लावायला लागले.
शिपायानं सोडवलं. एकाची कवळी कपाटाखाली सापडली.

मग बेळगावहून छापील पाट्या आल्या.
चकचकीत, दोन्ही लिप्यांत, अक्षरांची उंची मोजून सारखी.
दोन पाट्यांची अदलाबदल झालेली:
मिशीखाली शेवंता हलगेकर,
आणि शेवंताखाली पैलवान कृष्णोजी.
चूक दोन्ही भाषांत सारखीच होती,
म्हणून तंटा झाला नाही.

ती एकदा आली. नातवानं जिना चढवला.
मी ओशाळून स्क्रू सोडवायला लागलो
तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, मला कुठं वाचता येतंय.
खरं त्यो खांदा तेवढा काढतोस काय रे?

फ्रेम उघडली. जुन्या तेलाचा वास आला,
उंबऱ्याबाहेरून तो कसा शिरला होता, कोण जाणे.
पाठीमागच्या पडद्याचा राखी रंग
तीन वेळा कालवावा लागला, जुळेचना.
तोवर ती बाकावर बसून होती,
एक पाय दुमडून, एक पुढं,
कुणी खो देईल म्हणून बसतात तशी.

किती झालं, तिनं विचारलं.
मी म्हणालो, अक्षर एकपण नाही,
कशाचे घेऊ?