सेट तोडून मिळणार नाही

हरभट रोडच्या मागच्या बोळात
भूपाल मगदूमच्या दुकानाच्या काचेवर
हातानं लिहिलेला कागद:
ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, मदरबोर्ड, दोन रंगीत पंखे,
सगळं मिळून बासष्ट हजार.
सेट तोडून मिळणार नाही.

मला फक्त कार्ड हवं होतं.

लग्नांच्या फिल्म करते मी, विश्रामबागेत,
जिन्याखालच्या खोलीत.
कवठेमहांकाळचं एक लग्न रेंडर व्हायला नऊ तास घेतं.
या कार्डावर दोन घेईल म्हणतात.
उरलेल्या सात तासांचा भाव काय धरायचा
हे काचेवर लिहिलेलं नव्हतं.

‘नुसतं कार्ड केवढ्याला?’
‘नुसतं येतच नाही ताई, वरनंच असं बांधून येतंय.
मदरबोर्ड फुकट पडतोय असं समजा की.’

फुकट.
आईच्या कपाटात वरचा कप्पा फुकटाचा होता.
चहापत्तीवरचे मग, तेलाच्या डब्यावरची गाळणी,
आणि साड्यांवरचे ब्लाउजपीस,
एकही आपापल्या साडीला न जुळणारा.
ते ओटीतून निघत, दुसऱ्या ओटीत पडत,
दोन वर्षांनी फिरून आमच्याकडेच येत
त्याच घडीवर, कुणीच न शिवता.
हा मदरबोर्डही असाच फिरणार,
सांगलीतून मिरजेला, मिरजेतून जयसिंगपूरला,
सील न फोडता.

तिथंच पावतीच्या पाठीवर मांडलं.
कार्ड: एक्केचाळीस, हा भाव मला ठाऊक होता.
एसएमपीएस: पाच धरू.
पंखे रंग बदलतात. शून्य.
मदरबोर्ड माझ्या प्रोसेसरला बसतच नाही,
म्हणजे शून्याहून खाली; ठेवायला जागा लागते.
राहिले सोळा हजार.
सोळा म्हणजे एक साखरपुडा, ड्रोनशिवाय.

तात्या मार्केट यार्डात तोलार होते.
वरची हळकुंडं सगळ्यांचीच चांगली असतात, म्हणायचे,
हात कोपरापर्यंत गेला पाहिजे.
रविवारीसुद्धा त्यांचा उजवा हात पिवळा असे,
आणि त्या तळव्याला छटाकभर कमी-जास्त कळे.

‘एसएमपीएस दाखवता?’
भूपालनं खोका दिला.
वर साडेसहाशे वॅट, सोनेरी अक्षरांत, शेजारी वाघ.
मी आतली डबी काढून तळहातावर घेतली.
हलकी.
अशी हलकी, की वाघच जड वाटावा.
भूपालनं माझ्या हाताकडे बघितलं,
मग रस्त्यावरच्या रिक्षाकडे.
त्याच्या वडिलांची अडत होती, यार्डातच.

‘बघते,’ म्हटलं, आणि भडंग घेऊन घरी आले.

रात्री जुन्याच कार्डावर लग्न लावलं.
त्रेचाळीस टक्क्यांवर नवरी अडकलीय,
मुठीत अक्षता, मूठ उघडायच्या बेतात.
पंखा घरघरतोय.
खरं सांगायचं तर या नऊ तासांत मी झोपते.
केस धुते. आईचे पाय चेपते.
फिल्म निघतेय म्हटलं की
कुणी फोन करत नाही, कुणी दार वाजवत नाही.
दोन तासांत निघायला लागली तर म्हणतील,
आता काय, लगेच होतंय की, उद्याच द्या,
आणि जरा कमी करा.
वेगाबरोबर काय काय बांधून येतं
ते मी पावतीवर मांडलंच नव्हतं.

पण नऊ तासांत दोनदा लाइट गेली
तर पुन्हा शून्यापासून, तेही आहेच.
गेल्या गुरुवारी गेली होती.
पहाटे चारला मी आणि कवठ्याची सगळी वरात
अंधारात बसून होतो.

पावणेबाराला फोन लुकलुकला.
‘ताई, भूपाल. एसएमपीएस जड देतो.
मदरबोर्ड ठेवून घेतो माझ्याकडं. पन्नास करा.’

पन्नास.
एक्केचाळीस आणि पाच, वर चार.
चार म्हणजे एक बारसं.

‘सकाळी येते,’ लिहिलं.
मग खाली: ‘वजनकाटा काढून ठेवा.’

चव्वेचाळीस टक्के.